नळदुरुस्तीची हत्यारे घरात ठेवल्याला दहा महिने झाले : वापरानंतरचा अनुभव

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर मी नळदुरुस्तीची हत्यारे विकत घेतली. आता गणपती तोंडावर आले आहेत. दहा महिन्यांत या हत्यारांनी काय साधले, कुठे माझे नुकसान झाले आणि पैसे खरोखर वाचले का, हे हिशेबाच्या वहीसह लिहिण्याइतका अनुभव आता माझ्या गाठीशी आहे.

आमचे घर देवगड तालुक्यात सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या पठाराच्या, उतारावर आहे. भिंती जांभ्याच्या, विहीर खाली परसात, तिच्यावर पंप आणि न्हाणीच्या स्लॅबवर हजार लिटरची टाकी. घरात सासूबाई, मी आणि दोन मुले असतो; यजमान नोकरीनिमित्त मुंबईला असतात. सर्वांत जवळचा प्लंबर चौदा किलोमीटरवर राहतो. तो कामाला चांगला आहे, पण आंब्याच्या दिवसांत आणि गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात त्याला गावोगावची बोलावणी असतात, आणि वायसर बदलण्यासारख्या दहा मिनिटांच्या कामासाठी एवढ्या लांब येणे त्यालाही परवडत नाही. त्याआधीच्या वर्षात त्याच्या सात खेपा झाल्या होत्या आणि मजुरी, रिक्षाभाडे व सामान मिळून 6,300 रुपये गेले होते. त्या सातांपैकी पाच कामे मी त्याच्या शेजारी उभी राहून पाहिली होती, आणि ती आपल्याला जमतील असे मला तेव्हाच वाटले होते.

हत्यारांवर 2,700 रुपये खर्च झाला. 14 इंची पाईप पाना 650, 10 इंची पाईप पाना 480, 10 इंची स्क्रू पाना 520, प्लास्टिक पाईप कापायची कात्री 420, हॅक्सॉ (लोखंड कापायची करवत) आणि ब्लेड 240, आणि उरलेल्या 390 रुपयांत पक्कड व दोन पेचकस. दुकानदार एकच पाईप पाना पुरे म्हणत होता. त्याचे न ऐकल्याचे मला आजही समाधान आहे, कारण आटे असलेला कोणताही सांधा सोडवताना एका पान्याने फिरवायचे आणि दुसऱ्याने मागचा पाईप धरून ठेवायचा असतो. स्क्रू पान्यावर मात्र मी आधी चूक केली होती. सुरुवातीला दोनशे रुपयांचा घेतला, त्याचा जबडा सैल होता आणि पहिल्याच वेळी त्याने नळाच्या चकचकीत नटाच्या कडा गोल केल्या. तो परत करून हा घेतला. या एका हत्यारात काटकसर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिले काम स्वयंपाकघरातल्या नळाचे होते. तो कितीही घट्ट बंद केला तरी गळत असे. रात्री दहाला त्याखाली बादली ठेवली आणि सकाळी सहाला मापाने मोजले, तर सात लिटर पाणी भरले. म्हणजे दिवसाला एकवीस लिटर. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी दिवसाला 55 लिटरचा निकष आहे. त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पाणी आमचा एक नळ गटारात सोडत होता. नळ खोलून त्याचा स्पिंडल, म्हणजे मूठ फिरवली की वरखाली होणारा आतला दांडा, बाहेर काढला, तेव्हा टोकाच्या काळ्या रबरी वायसरवर बांगडीसारखी गोल खाच पडलेली दिसली. पितळेच्या ज्या कडेवर वायसर बसतो, त्या कडेमुळे ती पडली होती. नळ जोर लावून आवळण्याची आमच्या घरात सर्वांनाच सवय होती आणि वायसर त्यानेच कापला गेला होता. बोट फिरवून पाहिले, कड गुळगुळीत लागली, म्हणून नुसता वायसर बदलून भागले. कडेला खड्डे असते, तर नवा वायसरही महिनाभरात गेला असता. वायसर पाच रुपयांचा होता. न्हाणीतल्या दुसऱ्या नळाचा स्पिंडलच झिजला होता. तो आणायला जाताना जुना स्पिंडल हातात घेऊन गेले हे बरे झाले, कारण दिसायला सारखे असले तरी निरनिराळ्या कंपन्यांच्या स्पिंडलचे आटे आणि दात वेगळे असतात.

या पहिल्या कामातच मला खरी अडचण कळली. टाकीपासून स्वयंपाकघरापर्यंत मध्ये कुठेही पाणी बंद करायची सोय नव्हती. टाकीच्या तोंडाशी जुना गेट व्हॉल्व (पाणी बंद करायची झडप) होता, पण तो आतून गंजून अडकलेला. पाच रुपयांच्या वायसरसाठी भरलेली टाकी रिकामी करावी लागली. ऑक्टोबरात विहीर भरलेली होती म्हणून ते चालले. आमच्याकडे पाऊस भरपूर पडतो, पण जांभा सच्छिद्र असल्याने ते पाणी झिरपून उताराने निघून जाते आणि मे महिन्यात विहिरीचा तळ दिसू लागतो. मे महिन्यात हजार लिटर ओतून देण्याचा विचारसुद्धा करवत नाही.

म्हणून डिसेंबरात चार बॉल व्हॉल्व (दांडी पाव वळसा फिरवली की पाणी बंद करणाऱ्या झडपा) बसवले : एक टाकीच्या तोंडाशी, आणि स्वयंपाकघर, न्हाणी व संडास यांच्या लाइनींवर एकेक. प्रत्येक व्हॉल्वच्या पुढे युनियन (पान्याने सोडवता येणारा सांधा) घातला, म्हणजे पुढचा भाग पाईप न कापता सोडवता येतो. युनियनसह सर्वांचे 1,100 रुपये झाले. दहा महिन्यांत मी या कामावर जेवढे पैसे खर्च केले, त्यांतले हे सर्वांत सार्थकी लागलेले. एखाद्याला एकही हत्यार घ्यायचे नसेल, सगळी कामे प्लंबरकडूनच करून घ्यायची असतील, तरी त्याने पुढच्या खेपेला त्याच्याकडून आधी हे व्हॉल्व बसवून घ्यावेत असे मी आग्रहाने सांगेन. महिन्यातून एकदा ते मिटून उघडावे लागतात, नाहीतर तेही जाम होतात. मी प्रत्येक संकष्टीला ते फिरवते, त्यामुळे विसर पडत नाही.

त्यांचा उपयोग अपेक्षेपेक्षा लवकर, जानेवारीतच झाला. न्हाणीचा जुना पितळी नळ बदलायचा होता आणि तो भिंतीतल्या जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाच्या) एल्बोमध्ये, म्हणजे काटकोनी जोडात, बसवलेला होता. एल्बो प्लास्टरच्या आत, त्यामुळे दुसऱ्या पान्याने धरायला काहीच नव्हते. तरी मी मोठा पाना लावून जोर दिला. नळ सुटला असे एक क्षण वाटले, आणि हातात आला तो नळ आणि त्याच्यासोबत तुटलेल्या आट्यांचे कडे. एल्बो आतून गंजून पापडासारखा पातळ झाला होता. समुद्रावरचा वारा आणि दमट भिंत यांत जीआयचा जस्ताचा थर फार काळ टिकत नाही, आणि तो गेला की लोखंड झपाट्याने जाते. हे मला माहीत होते आणि तरीही मी थांबले नाही. भिंत फोडून एल्बो बदलायला प्लंबरला बोलवावे लागले आणि 1,900 रुपये गेले. तो तिसऱ्या दिवशी आला. न्हाणीचा व्हॉल्व मिटलेला असल्यामुळे ते तीन दिवस बाकी घराला पाणी मात्र सुरळीत होते. भिंतीत गाडलेल्या जुन्या जीआय सांध्यावर आता मी पाना लावत नाही.

प्लास्टिकच्या पाईपांचे काम त्या मानाने सोपे आहे, पण त्यातही एक गोष्ट शिकायला मला दुकानाची दुसरी फेरी करावी लागली. छपरालगतचा पांढरा यूपीव्हीसी (थंड पाण्याचा प्लास्टिक) पाईप फेब्रुवारीत वानरांनी उडी मारून मोडला. उन्हात वर्षानुवर्षे राहिलेला हा पाईप ठिसूळ होतो, त्याला तेवढा धक्का पुरतो. मी घाईने अर्ध्या इंचाचा सीपीव्हीसी (गरम पाण्यालाही चालणाऱ्या प्लास्टिकचा) कपलर, म्हणजे दोन पाईप जोडणारा तुकडा, आणला आणि तो पाईपवर चढेना. दोन्ही अर्धा इंचीच म्हणवले जातात, पण अर्धा इंची सीपीव्हीसीचा बाहेरचा व्यास सुमारे 16 मिलिमीटर असतो आणि जाड यूपीव्हीसीचा 21 मिलिमीटरच्या वर. दोघांचा सॉल्व्हंट, म्हणजे पाईप चिकटवायचा द्राव, तोही वेगळा असतो. तेव्हापासून तुटलेल्या पाईपचा बोटभर तुकडा पिशवीत टाकल्याशिवाय मी दुकानात जात नाही. नव्या पाईपला फिकट रंग दिला आहे, म्हणजे ऊन थेट लागत नाही.

सॉल्व्हंट लावताना पाईप पूर्ण कोरडा हवा. जुलैत पाऊस कोसळत असताना याच लाइनीचा एक सांधा सुटला. व्हॉल्व मिटून, पाईपातले उरलेले पाणी खाली उतरू देऊन, जुन्या सुती साडीच्या फडक्याने आतबाहेर पुसले, वर ताडपत्री धरली, आणि मगच जोडले. जोडताना पाव वळसा फिरवून तीस सेकंद दाबून धरले आणि पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी सोडले. तोपर्यंत टाकीजवळच्या तोटीतून बादलीने पाणी भरले. तो सांधा आजही कोरडा आहे.

गिझरच्या गरम पाण्याच्या लाइनीला पूर्वी कोणीतरी यूपीव्हीसीच घातला होता आणि तो मऊ पडून मध्ये झोळीसारखा लोंबू लागला होता. यूपीव्हीसी साधारण 60 अंश सेल्सिअसच्या पुढे घालू नये. सीपीव्हीसी 93 अंशांपर्यंत चालतो. ही लाइन भिंतीतून जात असल्याने मार्चमध्ये प्लंबरकडूनच बदलून घेतली, त्याचे 1,000 रुपये. सीपीव्हीसी घेताना पाईपवर आयएस 15778 (सीपीव्हीसी पाईपचा भारतीय मानक क्रमांक) छापलेले आहे का, ते मी स्वतः पाहून घेतले.

सर्वांत जास्त समाधान मे महिन्यातल्या पंपाच्या कामाने दिले. पंप चालू होई, पण पाणी उचलेना. दोन मिनिटे फुसफुसत यायचे आणि पंप हवा धरायचा. पाणी खोल गेले आहे, नवा पंप घ्या, असे दोन-तीन जणांनी सांगितले. विहिरीच्या कडेवरून खाली पाण्यापर्यंत दोरी सोडून मोजले, तर पंपापासून पाणी सहा मीटरवर होते. हवेचा दाब पाण्याला फार तर 10.3 मीटर वर ढकलू शकतो आणि प्रत्यक्षात असे पंप सात मीटरपर्यंतच भरवशाने ओढतात. म्हणजे पंप अजून त्याच्या मर्यादेत होता. मेन स्विच बंद करून पंपाच्या झाकणातून पाणी भरले, तर दहा मिनिटांत ते खाली उतरले. याचा अर्थ सक्शन पाईपच्या (विहिरीतून पाणी वर ओढणाऱ्या पाईपच्या) टोकाचा फुटव्हॉल्व, म्हणजे पाणी परत खाली जाऊ न देणारी झडप, पाणी धरत नव्हता. शेजारचा मुलगा आणि मी मिळून पाईप वर ओढला. पाण्याने भरलेला काळा पाईप फार जड होतो, हे एकट्याचे काम नाही. फुटव्हॉल्वच्या जाळीचा एक कोपरा गंजून फाटला होता आणि आत रबरी झडपेखाली हरभऱ्याएवढा जांभ्याचा खडा अडकला होता. नवा फुटव्हॉल्व बसवला, तरी धार अजून तुटक येत होती. सक्शनच्या बाजूची गळती बाहेर थेंब दाखवत नाही, ती आत हवा ओढते. पंप चालू ठेवून सांध्यांना साबणाचा फेस लावत गेले, आणि युनियनजवळ फेस आत ओढला जाताना डोळ्यांनी दिसला. तो आवळून नवी टेफ्लॉन टेप गुंडाळली आणि धार एकसंध झाली. खर्च 280 रुपये.

फ्लशची टाकी संडासात गुपचूप गळते आहे का, हे पाहायला टाकीत खाण्याचा रंग टाकून वीस मिनिटे थांबावे. आमच्याकडे रंग भांड्यात उतरला आणि चाळीस रुपयांच्या रबराने काम झाले.

हत्यारांविषयी एक तक्रारवजा सूचना. खाऱ्या हवेत ती भराभर गंजतात. पहिल्याच पावसाळी आठवड्यात हॅक्सॉचे ब्लेड तांबूस झाले आणि पाईप पान्याची फिरकी जड झाली. आता काम झाले की पुसून, तेलाचा हात फिरवून, फडक्यात गुंडाळून ठेवते.

आता हिशेब. हत्यारे 2,700, व्हॉल्व धरून सगळे सामान 2,150, आणि प्लंबरच्या दोन खेपा 2,900. एकूण 7,750 रुपये. म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा 1,450 रुपये जास्तच गेले. पैसे पहिल्याच वर्षी वाचतात असे मी म्हणणार नाही. मात्र हत्यारे आणि व्हॉल्व यांचा 3,800 रुपयांचा खर्च एकदाचाच आहे. तो वगळला तर 3,950 उरतात, आणि त्यांतले 1,900 माझ्या जानेवारीतल्या हट्टाचे आहेत. शिवाय आदल्या वर्षी प्लंबर यायची वाट पाहण्यात, सासूबाईंना विहिरीवरून कळशीने पाणी आणावे लागण्यात जे दिवस गेले, ते यंदा फारसे गेले नाहीत. मला त्याची किंमत रुपयांपेक्षा जास्त वाटते.

भिंतीतली जुनी जीआय लाइन बंद करून बाहेरून सीपीव्हीसी फिरवण्याचे काम मी प्लंबरलाच दिले आहे. तो दिवाळीच्या सुट्टीनंतर येणार आहे. त्याआधी गणपतीला मुंबईहून दोन दिरांची कुटुंबे येतील, घरात चौदा माणसे असतील आणि त्या दिवसांत दुकानेही धड उघडी नसतील. म्हणून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात सहा वायसर, दोन स्पिंडल, टाकीचा बॉलकॉक (टाकी भरली की पाणी थांबवणारा), एक कनेक्शन पाईप, तीन टेफ्लॉन टेप, दोन्ही मापांचे कपलर आणि दोन्ही सॉल्व्हंटच्या लहान डब्या भरून ठेवल्या आहेत, आणि कोणता व्हॉल्व कुठली लाइन बंद करतो ते चारही व्हॉल्वांवर ऑइलपेंटने लिहिले आहे, म्हणजे मी देवापुढे किंवा चुलीपुढे असले तरी घरातले कोणीही जाऊन पाणी बंद करू शकेल.