हेपटायटिस सी उलटला: १२ आठवडे की २४?

हेपटायटिस सी या यकृताच्या संसर्गावरच्या सोफोसबुविर-वेलपटास्विर या औषधजोडीचा कोर्स पूर्ण केला, तरी विषाणू परतला. आता दोन वाटा. एक, त्याच जोडीला व्हॉक्सिलाप्रेविर, १२ आठवडे. दुसरी, तीच जोडी रिबाविरिनसह, २४ आठवडे.

नागपुरात रिबाविरिनच्या नावाने मी आधी थबकेन. हे औषध लाल पेशी फोडतं, हिमोग्लोबिन उतरवतं. आणि विदर्भात सिकलसेल, म्हणजे लाल पेशींचा आनुवंशिक आजार, किती घरांत आहे, हे मेडिकल-मेयो या इथल्या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत बसलेल्या कुणालाही विचारा. सिकलसेल किंवा मोठा थॅलेसेमिया (हाही रक्ताचा आनुवंशिक आजार) असलेल्यांना रिबाविरिन देतच नाहीत. गर्भालाही ते घातक. औषध थांबल्यावरही काही महिने गर्भनिरोधन लागतं, नवऱ्याने घेतलं असलं तरी.

मग व्हॉक्सिलाप्रेविरची तिहेरी गोळीच बरी? बहुतेकांना हो, २०१७च्या चाचण्यांत अशा रुग्णांपैकी सुमारे ९६ टक्के बरे झाले. पण पोटात पाणी झालं असेल, यकृत हरलं असेल, तर ती चालत नाही. तिथे २४ आठवड्यांची लांबची वाट, रक्त वरचेवर तपासत.

कोर्स मधेच सुटलेल्यांचं गणित वेगळं. किती गोळ्या चुकल्या, कोणत्या आठवड्यात, हे डॉक्टरांना खरं सांगा. काही दिवसांचाच खंड असेल तर कधीकधी तोच कोर्स पुढे चालवता येतो.