बिल १०,७०० रुपयांचं, बिघाड एका तुटक्या तारेचा

इंदुरात कार्बोरेटरवाली मारुती ८०० अजून ज्यांच्या दारात उभी आहे, त्यांनी हे वाचून ठेवा. आधी आकडे, माझ्याच गाडीचे, एका गॅरेजच्या मिस्त्रीने लावलेले. पहिल्या खेपेला 'नवीन' आयडल सोलेनॉइड (रेस न देता चालणाऱ्या इंजिनाचं पेट्रोल सोडणारी-तोडणारी विजेची झडप) २,६००, कार्बोरेटर किट १,८५०, मजुरी १,६००. दुसऱ्या खेपेला बॅटरी ३,९०० आणि 'वायरिंग चेकिंग' ७५०. एकूण १०,७००. सगळं पर्चीवर, सही नाही, शिक्का नाही.

गाडीचं दुखणं एवढंच होतं की सिग्नलला पाय उचलला की इंजिन बंद. रेस दिली की झकास. कार्बोरेटरचं काम करणाऱ्याला हे ऐकूनच कळायला हवं: वरच्या रेसचं पेट्रोल मेन जेटमधून, म्हणजे मोठ्या भोकातून येतं, ते ठीक आहे, आयडल सर्किट, म्हणजे पाय उचलल्यावर पेट्रोल देणारी बारीक वाट, कोरडं आहे. आणि आयडल कोरडं म्हटलं की पहिला हात सोलेनॉइडच्या तारेवर. इथे ती तार कार्बोरेटरजवळ इन्सुलेशनच्या आतून तुटलेली होती. बाहेरून अख्खी दिसायची, ओढली की लांब व्हायची. नवी क्लिप आणि वीतभर तार, शंभर रुपयेसुद्धा जास्त झाले.

मिस्त्रीने काय केलं? जुनंच सोलेनॉइड पेट्रोलने धुतलं, काळा स्प्रे मारला, परत बसवलं आणि तार थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हला नेली. मग बॉनेटखाली बोलावून तार टर्मिनलला टेकवली. "देखो भिया, टक बोला ना? नया माल है!" टक् झालं खरं. पण गाडीची किल्ली त्या वेळी माझ्या खिशात होती! किल्ली खिशात असताना सोलेनॉइड बोलतं याचा अर्थ एकच, करंट इग्निशनमधून येत नाही. ते टक् म्हणजेच चोरीची कबुली होती आणि तीच पुरावा म्हणून दाखवली गेली. आता म्हणाल, तेव्हाच का नाही धरलं? लगेच किल्ली लावली तर समोर इंजिन शिवणयंत्रासारखं आयडलला चाललंय, मागे दोन गाड्या हॉर्न देताहेत, मिस्त्री वीस वर्षांचा अनुभव सांगतोय. पैसे देऊन आलेल्या गिऱ्हाइकाने टेस्ट लॅम्प (तारेत करंट आहे का दाखवणारा दिवा) घेऊन उभं राहायचं असतं का? तो मेला कशासाठी बसलाय मग?

सोलेनॉइडचं काम न समजणाऱ्यांसाठी दोन ओळी. किल्ली ऑन केली की १२ व्होल्ट मिळून सुई आत ओढली जाते आणि आयडल जेटची वाट उघडते. किल्ली बंद, की स्प्रिंग सुई पुढे ढकलते आणि वाट बंद. हे लागतं अशासाठी, की तापलेल्या इंजिनात कार्बनचे लाल झालेले कण स्पार्कशिवायही पेट्रोल पेटवतात आणि किल्ली काढल्यावरही इंजिन धडधडत राहतं. ही झडप पेट्रोलच तोडते. एकच तार असते. अर्थिंग, म्हणजे करंटची परतीची वाट, कार्बोरेटरच्या बॉडीतून मिळते. म्हणून इंजिनाची अर्थिंगची पट्टी गंजलेली असेल तर नवं सोलेनॉइडही ढिलं ओढतं.

तार घ्यायची ती फ्यूजमधून, आणि किल्ली ऑनला व स्टार्टला दोन्ही वेळा जिवंत राहणाऱ्या जागेवरून. रेडिओच्या लाइनवरून घेतली तर सेल्फ मारताना करंट जातो. कॉइलच्या (स्पार्क बनवणाऱ्या गुंडाळीच्या) निगेटिव्हला तर कधीच नाही, तिथे पॉइंटबरोबर, म्हणजे स्पार्कसाठी उघडझाप करणाऱ्या स्विचबरोबर, करंट तुटत-जुळत राहतो. बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचं व्होल्टेज कमी करणारा अडथळा) असेल तर त्याच्या आधून. पुढून घेतली तर व्होल्टेज कमी पडतं. फोक्सवॅगन बीटलच्या सोलेक्स ३४ पिक्ट-३ कार्बोरेटरवर चोक आणि ही झडप दोन्हींच्या तारा कॉइलच्या १५ नंबरवर, म्हणजे पॉझिटिव्हवर येतात, तेही किल्लीनंतरच. थेट बॅटरीवरून दिली की सोलेनॉइड दिवसरात्र ओढून बसतं, तापतं, आणि गाडी काही दिवस उभी राहिली की बॅटरी झोपते.

तशी ती झोपलीच. मग निदान काय? "बैटरी का सेल गया." ३,९०० घेतले, चांगली बॅटरी स्वतःकडे ठेवली. थेट तार आता आपल्यावरच उलटणार हे त्याला कळलं असणार, म्हणून ती काढली आणि सुई पक्कडीने कापून टाकली! वाट कायमची उघडी, तार असो-नसो आयडल चालू. आणि किल्ली काढली की गाडी खोकत राहायची. दुसऱ्या मिस्त्रीने सोलेनॉइड उघडलं तेव्हा सुईच्या जागी चपटा खुंट, त्यावर पक्कडीचे दात, स्प्रेखाली झिजलेले षट्कोनाचे कोपरे, आणि खालचा वॉशर गायब. वॉशर नसला की तिथून हवा खेचली जाते, म्हणजे आणखी एक बिघाड फुकट.

तपासायचं असेल तर मिक्स्चर स्क्रू (आयडलचं पेट्रोल कमी-जास्त करणारा) हळूहळू बंद करा. इंजिनाला काहीच फरक पडला नाही तर आयडल सर्किट बंद आहे आणि कोणीतरी थ्रॉटलचा (रेसचा) स्क्रू चढवून तुम्हाला गंडवलंय. सोलेनॉइड बाहेर काढून बघायचं तर बॉडी निगेटिव्हला, टर्मिनल पॉझिटिव्हला. काही सुया बोटाने किंचित दाबल्यावरच आत जातात, तेवढ्यावरून खराब म्हणू नका. ठिणगी पडते, हे कार्बोरेटरपासून लांब करा. जुना पार्ट हातात मागा, "कबाड़ में गया" म्हणाला तर तिथेच पैसे थांबवा.

आणि ठाण्यात? "ये लेन-देन का मामला है, कंज्यूमर फोरम जाओ." कापलेली सुई टेबलावर ठेवली तर साहेब म्हणतात, ये क्या है? परिवहनवाले म्हणाले गॅरेज आमच्याकडे येत नाही. ग्राहक हेल्पलाइनवर पक्कं बिल मागितलं. अरे बाबा, पक्कं बिल दिलं असतं तर तो ठग कसला! पुढे मेसेज आला, तक्रार बंद, समाधान झाले. कुणाचं समाधान? पुन्हा फोन केला तर आधीचा तक्रार नंबर बंद झालाय, नवी तक्रार करा म्हणे. म्हणजे फसवणूक सिद्ध करायची आम्ही, गॅरेजवाल्याला नुसतं विचारायलाही कोणी जाणार नाही.

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. पैसे यूपीआयनेच द्या, तीच पावती. आमचे ६,०५० तसे गेले म्हणून सापडतात, ४,६५० रोख गेले ते बुडाल्यात जमा.

हाच मिस्त्री एसयू नावाच्या कार्बोरेटरच्या अॅम्बॅसिडरवाल्यांनाही सोलेनॉइड बसवून देतो म्हणून सांगतोय. त्या कार्बोरेटरला वेगळा आयडल जेटच नसतो. बसवणार कुठे, विचारा त्याला.