इंडिपेंडंट १४९ : फळ्या बदलत गेल्या, ट्रक तेच राहिले

स्केटबोर्डच्या फळीखाली चाकांची जोडी धरून ठेवणारा जो धातूचा सांधा असतो, तो ट्रक. एका बोर्डाला दोन लागतात, एक पुढे, एक मागे. बोर्ड घेताना लोक फळीवरचं चित्र बघतात, चाकांचा रंग बघतात. खाली वाकून ट्रक बघणारा क्वचित भेटतो. मी २०१६ मध्ये इंडिपेंडंट कंपनीचे स्टेज ११ मालिकेतले १४९ मापाचे ट्रक घेतले आणि आजही तीच जोडी माझ्या पायाखाली आहे. खर्च करायची ताकद एकाच गोष्टीवर असेल तर ती इथे खर्च करा, असं माझं स्पष्ट मत आहे. का, ते सांगते.

मी बडोद्याची. मकरपुरा जीआयडीसीतल्या एका ॲल्युमिनियम फाउंड्रीत तपासणी विभागात नोकरी करते. ओतीव वस्तू हातात आली की आधी कडा तपासायच्या, मग उलटी करून छिद्रं शोधायची, ही माझी रोजची सवय. हे ट्रक आले तेव्हा घरी नेण्याआधी मी ते कामावर नेले आणि आमच्या पॅटर्न शॉपमधल्या मिस्त्रीकाकांसमोर ठेवले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, हँगरवरून, म्हणजे चाकं धरणाऱ्या आडव्या भागावरून, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बेन, आ तो बहु सारुं कास्टिंग छे." चाळीस वर्षं ओतकामात घालवलेल्या माणसाकडून एवढं ऐकायला मिळालं की मला कुठल्या जाहिरातीची गरज राहत नाही.

धातू ३५६ नावाचं ॲल्युमिनियमचं मिश्रण आहे, त्यावर टी६ प्रक्रिया केलेली. या मिश्रणात साधारण ७ टक्के सिलिकॉन असतं, म्हणून वितळलेला रस साच्याच्या बारीक कोपऱ्यांपर्यंत पोचतो. आणि अर्ध्या टक्क्याहूनही कमी मॅग्नेशियम असतं, त्यावर पुढची सगळी मजबुती उभी राहते. टी६ म्हणजे ओतलेला भाग ५४० अंशांच्या आसपास काही तास तापवायचा, झटकन पाण्यात विझवायचा आणि मग दीडशेच्या थोड्या वर मंद आचेवर पुन्हा ठेवायचा. या शेवटच्या टप्प्यात मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण धातूभर तयार होतात आणि तो कडक होतो. हा टप्पा ज्यांनी गाळला ते ट्रक बाहेरून तसेच चकचकीत दिसतात, पण फुटपाथच्या कडेवरून उतरताना बेसप्लेटला, म्हणजे फळीला जोडलेल्या तळाला, चीर जाते. खेळण्यांच्या दुकानातल्या बोर्डांचे असे तुटलेले तुकडे मी पाहिले आहेत. तुटलेली बाजू भरड आणि भोकाभोकांची असते.

पण मजबुती हा अर्धाच भाग झाला. माझा जीव वळणांत आहे.

ट्रकच्या आत किंगपिन नावाचा एक जाड बोल्ट असतो आणि त्यावर युरेथेनचे, म्हणजे रबरासारख्या लवचीक प्लास्टिकचे, दोन बुश, एक हँगरच्या वर, एक खाली. तुम्ही फळीच्या एका बाजूला वजन टाकता, बुश दबतात, हँगर तिरका होतो आणि चाकं त्या बाजूला वळतात. सोडलं की बुश परत फुगतात आणि बोर्ड सरळ होतो. एवढीच यंत्रणा, ना लिव्हर ना केबल. तुमचं वजन, तुमचा घोटा आणि युरेथेनचे ते दोन तुकडे यांच्यात जे काही ठरतं, तेच वळण. नवीन ट्रकचे बुश काही आठवडे ताठ असतात. मग हळूहळू ते तुमच्या वजनाला, तुमच्या उभं राहण्याच्या पद्धतीला सरावतात. माझा बोर्ड भाच्याच्या पायाखाली अडखळतो, आणि मी त्यावर उभी राहिले की कुठे जायचंय ते न सांगता कळल्यासारखा जातो.

हे सुख मला उशिरा मिळालं. १९८०च्या दशकाच्या शेवटी मामांनी मस्कतहून पिवळा प्लास्टिकचा बोर्ड आणला होता. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याच्या चौकात शहाबादी फरशी होती. त्या बोर्डाचे ट्रक मुळी वळतच नव्हते. भिंत आली की उतरायचं, बोर्ड उचलून फिरवायचा, पुन्हा चढायचं. तरी मी संध्याकाळ झाली की चौकातच असे. आजी कुरकुरायची, पण आजोबांनी मला एक गोष्ट शिकवली, ती आजही रोज कामाला येते. ते जुम्मादादा व्यायाम मंदिरात, प्रोफेसर माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेले, मल्लखांबाचे. ते म्हणायचे, "पडताना हात पुढे टाकू नकोस बाळ, खांदा आत घे आणि गोल हो." जगभर स्केटबोर्ड शिकवणारे पहिल्या दिवशी हेच सांगतात. मनगट वाचवायचं, अंग लोळवायचं. माझी हाडं अजून धड आहेत ती आजोबांमुळे.

खरं वळण पहिल्यांदा अनुभवलं ते कॉलेजच्या दिवसांत. फाइन आर्ट्सला शिकायला आलेल्या एका परदेशी मुलाने त्याचा बोर्ड फतेहगंजातल्या एका गल्लीत मला दिला. मी सवयीने सरळ उभी राहिले, नुसती टाच जरा दाबली, आणि रस्ता माझ्या डावीकडे वाकला. त्या क्षणी मला कळलं की इतकी वर्षं मी ज्यावर प्रेम केलं त्याची अर्धीच बाजू मला माहीत होती. त्या बोर्डाखाली इंडिपेंडंटचेच ट्रक होते. नाव मी पाठ करून ठेवलं.

कंपनीची जन्मकथाही याच प्रश्नाची आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी यांनी युरेथेनची चाकं बाजारात आणली. त्याआधी चाकं धातूची किंवा मातीच्या मिश्रणाची असत, एका खड्याला अडून माणूस तोंडावर पडे. चाकं सुधारल्यावर वेग वाढला, मुलं कोरड्या पोहण्याच्या तलावांत उतरली, आणि मग ट्रक कमी पडू लागले. जे छान वळत ते नाजूक होते, जे दणकट होते ते वळायला जड. १९७८ मध्ये इंडिपेंडंटचा पहिला ट्रक निघाला, दोन्ही गोष्टी एकाच ट्रकमध्ये हव्यात म्हणून. तो सॅन फ्रान्सिस्कोत एर्मिको नावाच्या फाउंड्रीत ओतला जाई. फाउंड्रीतल्या माणसांनी मुलांचं गाऱ्हाणं ऐकून साचा बदलला, हे मला आमच्या धंद्याच्या दृष्टीने फार मोलाचं वाटतं.

आता बडोद्यातला वापर. आमचे रस्ते खडीचे, पावसाळ्यानंतर तर कपच्यांनी भरलेले. म्हणून मी कडक चाकं लावत नाही. ७८ए किंवा ८०ए कडकपणाची मऊ, ५६ मिलिमीटरची चाकं आणि ट्रक आणि फळीच्या मध्ये एक अष्टमांश इंचाचा रायझर पॅड, ही जोडणी मला जमली आहे. रायझर विसरू नका. चाक मोठं आणि बुश मऊ असले की जोरात वळताना चाक फळीला घासतं आणि बोर्ड जागीच थांबतो. तुम्ही मात्र पुढे जाता. सुट्टीच्या सकाळी जीआयडीसीचे आतले काँक्रीटचे रस्ते रिकामे असतात, माझी सगळी लांब वळणं तिथे होतात. कामाठीबागेच्या बाहेरचा पट्टाही पहाटे बरा. जानेवारीत उत्तरायणानंतर पंधरवडाभर घरी परतल्यावर चाकं काढून पाहायचीच, कारण मांजा ॲक्सलवर, म्हणजे चाकांच्या दांड्यावर, गुंडाळला जातो आणि बेअरिंगच्या झाकणाखाली शिरतो. न काढता चालवत राहिलात तर बेअरिंग गेलंच समजा.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या तळमजल्यात शिरलं. बोर्ड जिन्याखाली होता, पाणी ओसरेपर्यंत तो तिथेच गाळात पडून राहिला. मेपलच्या सात पापुद्र्यांची फळी शेपटीकडून उलगडली होती, ती गेली. बेअरिंग गंजून एकजीव झाले, तेही गेले. ट्रक मी पूर्ण खोलले. हँगरचं टोक ज्यात बसतं त्या पिव्हट कपमधून काळी माती निघाली, ॲक्सलवर आणि किंगपिनवर वरवरचा गंज होता, तो रॉकेल आणि तारेच्या ब्रशने साफ झाला. क्रोमोली स्टीलचा ॲक्सल आत खराब झाला नव्हता. ॲल्युमिनियमवर पांढुरका थर आला होता, तोही पुसला गेला. युरेथेनला काहीच झालं नव्हतं. नवी फळी आणली, तेच आठ बोल्ट, तेच ट्रक. दिवाळीच्या आत मी रस्त्यावर होते. त्या महिन्यात घरातल्या खूप गोष्टी फेकाव्या लागल्या, त्यामुळे ही एक हातात परत आली याचा आनंद मला शब्दांत मांडता येत नाही.

वजन थोडं आहे, साडेतीनशे ग्रॅमच्या वर, एकेकाचं. उड्यांसाठी हलका बोर्ड हवा असेल तर पोकळ ॲक्सलचे प्रकार येतात, महाग पडतात. मला जमिनीवर घट्ट बसणारं हेच वजन आवडतं. किंमत आयात शुल्कासकट अशी की एका जोडीत खेळण्यातले दोन-तीन अख्खे बोर्ड यावेत. पण ते बोर्ड वर्षभरात भंगारात जातात.

"या वयात?" हा प्रश्न मला अजून येतो, सोसायटीतून, नातेवाइकांकडून. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली स्केटबोर्डिंगच्या पार्क नावाच्या प्रकारात ब्रिटनचा अँडी मॅकडोनाल्ड ५१व्या वर्षी उतरला आणि त्याच प्रकारात, महिलांमध्ये, सुवर्ण जिंकणारी अरिसा ट्रू होती १४ वर्षांची. एकाच खेळात ही दोन वयं मावतात. आणि इथल्या मुलींसाठी सांगायचं तर २०२२च्या गुजरातमधल्या राष्ट्रीय स्पर्धेत पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने स्केटबोर्डिंगचं सुवर्ण नेलं. मी ती बातमी कापून कामावरच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवली आहे.

घेणार असाल तर माप नीट बघा. फळीची रुंदी आणि ॲक्सलची लांबी जवळपास सारखी हवी: ८ इंची फळीला १३९, सव्वाआठला १४४, साडेआठला १४९. पाने इंचाचे लागतात. किंगपिनच्या नटला ९/१६, ॲक्सलच्या नटला १/२, फळीच्या बोल्टांना ३/८. आपल्याकडचा १३ मिलिमीटरचा पाना ॲक्सलला चालून जातो, पण किंगपिनला १४ बसत नाही आणि १५ने नटाच्या कडा गोल होतात, तेव्हा तो एक पाना वेगळा घ्याच. वजनाने हलक्या असाल तर सोबत आलेल्या बुशपेक्षा एक पायरी मऊ बुश मागवा, ते सुटे मिळतात आणि स्वस्त असतात. भाच्याचं बारावीनंतर ठरलंय, त्याला १३९ घ्यायचे आहेत. फळी कुठलीही चालेल, असं मी त्याला सांगितलं आहे.