बरसीम ‘वरदान’: वाण चोख, पण पिशवी उघडल्यावरची कामं टाळू नका

दावणीला दुभती जनावरं आहेत आणि विहिरीचं किंवा कालव्याचं पाणी मार्चअखेर टिकतं, अशा शेतकऱ्यानं रब्बीत बरसीम या हिरव्या चाऱ्याच्या पिकाचा ‘वरदान’ वाण बिनदिक्कत लावावा. झाशीच्या भारतीय गवत व चारा संशोधन संस्थेचा हा वाण आहे. फुटवा दाट, पानं भरपूर, आणि कापल्यावर पुन्हा उसळी मारण्याची ताकद उत्तम. थंड हवेच्या देशांत चाऱ्याला आणि जमिनीच्या पोताला तांबडा क्लोव्हर लावतात, त्याचंच हे भावंड. फक्त हे एका हंगामाचं पीक आहे. एकदा पेरून दोन-तीन वर्षं कापायचं असेल किंवा पाणी बेताचं असेल, तर राहुरी कृषी विद्यापीठाचा आर.एल.-८८ हा लसूण घास घ्या. तिथं बरसीमचा हट्ट नको.

पिशवी घेताना आधी टॅग बघा. प्रमाणित बियाण्याचा टॅग निळा असतो, उगवण किमान ८० टक्के आणि शुद्धता ९८ टक्के लागते. मग चिमूटभर दाणे तळहातावर घ्या. ताजं बी पिवळसर, चकचकीत दिसतं. तांबूस-तपकिरी पडलेलं बी जुनं, त्याची उगवण मार खाते. सुटं, बिनटॅगचं बी स्वस्त मिळालं तरी घेऊ नये, कारण खरा धोका कासनीचा आहे.

कासनी हे बरसीमचं हाडवैरी तण. निळ्या फुलांचं, बरसीमबरोबरच उगवतं, बरसीमबरोबरच कापलं जातं आणि पुन्हा फुटतं. एकदा रानात शिरलं की खुरपून पिच्छा सुटत नाही. त्यामुळं प्रमाणित पिशवी असली तरी ही पायरी गाळू नका: १० लिटर पाण्यात १ किलो मीठ विरघळवा, त्यात बी थोडं थोडं सोडून हलवा. कासनीचं हलकं बी आणि पोचट दाणे वर येतात, ते चाळणीनं काढून टाका. तळाचं बी लगेच स्वच्छ पाण्यानं दोन-तीनदा धुवा. मीठ राहिलं तर उगवणीलाही बाधतं आणि नंतर लावायच्या जिवाणूंनाही.

धुतलेलं बी सात-आठ तास पाण्यात भिजवून निथळा आणि मग रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतला नत्र पिकाला देणारे जिवाणू, लावा. सगळ्यात जास्त घोटाळा इथं होतो. बरसीमला क्लोव्हर गटाचंच रायझोबियम लागतं. हरभऱ्याचं किंवा लसूण घासाचं पाकीट ‘चालतं की’ म्हणून दिलं जातं, पण ते चालत नाही. पाकिटावर बरसीमचं नाव आणि वापराची अंतिम तारीख, दोन्ही वाचूनच पैसे द्या. एकरी १० ते १२ किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं पाकीट पुरतं. लिटरभर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळून पूर्ण गार करा, त्यात पाकिटातलं जिवाणू संवर्धक कालवून बियाण्याला चोळा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. ज्या रानात आधी कधी बरसीम झालेलं नाही, तिथं याशिवाय पेरणीच करू नये.

रान मध्यम ते भारी, निचऱ्याचं हवं. थोडी चोपण जमीन हे पीक सोसतं. कोकणातल्या आम्ल जांभ्या जमिनीत मात्र ते रमत नाही. एकरी ४-५ टन शेणखत, सिंगल सुपर फॉस्फेटच्या ५० किलोच्या ४ गोण्या, २७ किलो म्युरेट ऑफ पोटॅश आणि १७-१८ किलो युरिया, सगळं पेरणीवेळीच. नंतर दर कापणीला युरिया टाकायची सवय सोडा. आयता नत्र मिळाला की मुळांवरच्या गाठी सुस्तावतात.

पेरणी १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर. सप्टेंबरच्या उकाड्यात पेरलं तर रोपं मुळकुजीनं बसतात, डिसेंबरवर गेलं तर एखाद-दुसरी कापणी हातची जाते. वाफे अगदी सपाट लागतात. ४-५ सेंमी पाणी भरून वर ढवळावं आणि वारा पडलेला असताना बी आडवं-उभं दोनदा फोकावं. पाणी साचून राहणाऱ्या भारी काळ्या रानात त्यापेक्षा २५-३० सेंमीवर ओळीत पेरून हलकं पाणी द्यावं. तिथं बी भिजवून न ठेवता, जिवाणू लावून कोरडंच पेरावं. दाणा बारीक आहे, दीड सेंमीच्या खाली गेला की वर येत नाही. बरोबर एकरी १० किलो ओट मिसळलं तर पहिली कापणी भरते आणि चाराही जरा कोरडा होतो.

चार-पाच आठवड्यांनी एखादं रोप ओल्या मातीसकट खोदून काढा, मुळं पाण्यात धुवा आणि एक गाठ नखानं फोडा. आत गुलाबी असेल तर जिवाणू कामाला लागलेत. हिरवट किंवा पांढरी असेल, किंवा गाठीच नसतील, तर जमीन सुधारण्याची आशा धरू नका. पीक मग जमिनीतलाच नत्र खाणार.

पहिली कापणी ५०-५५ दिवसांनी, पुढच्या २५-३० दिवसांनी. विळा जमिनीपासून ५-७ सेंमी वर चालवा. नवे फुटवे बुडाशीच येतात, बुडखा खरवडला की पीक विरळ होतं. थंडीत १२-१५ दिवसांनी, फेब्रुवारीनंतर ८-१० दिवसांनी पाणी. महाराष्ट्रात ४-५ कापण्या आणि नीट जमलं तर एकरी २५-३० टन हिरवा चारा मिळतो. पंजाबात पीक मेपर्यंत चालतं, आपल्याकडे मार्चचं ऊन ते चालू देत नाही.

या चाऱ्याला एक दोष आहे आणि तो गंभीर आहे. कोवळं, दवानं ओलं बरसीम उपाशी जनावराच्या पुढ्यात टाकलं की पोटफुगी होते, आणि ती जनावर नेऊ शकते. कापून दोन-तीन तास सुकू द्या, कुट्टी करून कडब्यात मिसळा, आधी थोडा कोरडा चारा खाऊ घाला. १०-१५ किलोपासून सुरुवात करून आठ-दहा दिवसांत वाढवत न्या. डावी कूस फुगलेली दिसली की जनावरांच्या डॉक्टरांना लगेच बोलवा. पहिल्या कापणीत १०० किलोमागं कोरडा भाग १५ किलोच्या आतच असतो, म्हणून नुसत्या बरसीमवर जनावराचं पोट भरत नाही. प्रथिनं १७ ते २० टक्के आणि कॅल्शियम भरपूर, पण फॉस्फरस कमी. तेव्हा खनिज मिश्रण बंद करू नका.

शेवटची वाढ मात्र जनावरांना घालू नये. मार्चअखेर वीतभर वाढलेलं पीक वापशावर गाडून टाका. रानाला मिळणारं हे हिरवळीचं खत, हीच या बियाण्याची दुसरी कमाई. नांगरटीनंतर रानाला एक पाणी द्या, पाला कुजायला दोन आठवडे जाऊ द्या आणि मगच उन्हाळी मका पेरा.