सुट्या खड्याचं लॉकेट: तार, अ‍ॅराल्डाइट की चांदीचं घर?

खडा हातात आला की आधी उलटा करून बघा. पद्धत बहुतेक वेळा त्याच्या पाठीवरूनच ठरते. पाठ सपाट आणि वर गुळगुळीत घुमट असेल, जसा खंबातचा अकीक किंवा मूनस्टोन, तर तिन्ही मार्ग मोकळे: तारेत बांधणं, अ‍ॅराल्डाइट या दोन ट्यूबच्या गोंदाने पत्र्यावर चिकटवणं, किंवा कडेने चांदीची पट्टी असलेल्या घरात बसवणं. पैलू पाडलेला, खाली टोक आलेला अ‍ॅमेथिस्ट असेल तर अ‍ॅराल्डाइट बादच. तारही जेमतेम पकडते.

घरी पहिल्यांदाच करणार असाल तर तार घ्या. ज्योतीची गरज नसते आणि चुकलं तर उकलता येतं. 20×15 मिमीच्या लंबगोल खड्याचा घेर साधारण 55 मिमी. त्याला 0.8 मिमीच्या तीन तारा प्रत्येकी 20 सेंमी, आणि बांधायला 0.4 मिमीची मीटरभर. दुकानात गेज (तारेच्या जाडीचा नंबर) सांगू नका, मिलिमीटर सांगा: 20 गेज अमेरिकन मापात 0.81 मिमी, ब्रिटिश मापात 0.91. तिन्ही तारा शेजारी धरून मधोमध बारीक तारेचे पाच-सहा वेढे घ्या, खड्याच्या कडेने वळवा, वर टोकं जुळवून पुन्हा वेढे. आता पुढची तार चारही बाजूंनी जराशी खड्यावर झुकवायची, मागची पाठीवर. मधली कडेलाच राहते. खडा निसटतो तो हे झुकवणं कमी पडल्यामुळे, वेढे सैल म्हणून नव्हे. एकाच जागी तीन-चारदा वाकवलेली तार कडक होऊन तुटते. पकडीच्या तोंडाला कागदी टेप लावा, नाहीतर तारेवर चावे उठतात. सराव तांब्यावर करा, पण गळ्यात घालायला चांदीच बरी. तांबं घामाने कातडीवर हिरवट वण सोडतं. कोल्हापूरजवळचं चांदीकामाचं गाव हुपरी जवळ असताना चांदीच्या तारेसाठी लांब जायचं कारण नाही.

अ‍ॅराल्डाइट फक्त स्वस्त खड्याला. खड्याची पाठ आणि पत्रा दोन्ही पॉलिश पेपरने खरवडा, स्पिरिटने पुसा, दोन्ही ट्यूब सम प्रमाणात कालवा आणि रात्रभर हलवू नका. चकचकीत पाठीवर थर धरत नाही, काही महिन्यांत सुटतो. फेविक्विक नकोच: कडेला पांढरी धूसर झाक येते आणि धक्क्याने तडकतो.

चांदीचं घर दिसतं सगळ्यात देखणं, पण डाग द्यायला, म्हणजे सांधा वितळवून जोडायला, हात बसलेला लागतो. पट्टीची लांबी काढायची ती (व्यास + पट्टीची जाडी) × 3.14. 12 मिमीचा गोल खडा आणि 0.3 मिमी पट्टी, म्हणजे 38.6 मिमी. तळाला 0.5 मिमी पत्रा धरून चांदी जेमतेम दोन ग्रॅम लागते. पट्टीची टोकं कानशीने अशी भिडवा की मधून उजेड दिसता कामा नये. डाग फट भरत नाही. टाकणखार (बोरॅक्स) लावा आणि ज्योत तळाच्या पत्र्यावर फिरवा. पातळ पट्टी आधी तापते आणि पत्रा गार असतानाच वितळते, नवख्यांची घरं तिथेच जातात. खडा सगळ्यात शेवटी, सगळं थंड झाल्यावर. मापाला बसवून बघताना खाली दोरा ठेवा, नाहीतर खडा बाहेर निघत नाही. पट्टी दाबताना समोरासमोरचे चार बिंदू आधी, मग मधले. एका बाजूने सुरुवात केली की शेवटी चुणी पडते.

पैलूंचा खडा, पाचू, ओपल, मोती किंवा पोवळं असेल तर सरळ गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, द्या. पाचूच्या भेगांत बहुधा तेल भरलेलं असतं, उष्णतेने ते निघून भेगा उघड्या दिसतात. मोती-पोवळं इतकं मऊ की पकड निसटली तरी ओरखडा उठतो. सोनाराला नख्यांचं, मागून उघडं घर सांगा: उजेड खालून शिरतो, आणि ग्रहासाठी घालणाऱ्यांना खडा अंगाला लागलेला हवाच असतो. देताना खड्याचं कॅरेटमधलं वजन आणि मिमीतलं माप पावतीवर लिहून घ्या.