आदी कार्ड (इस्रायल): सही करावी का?

करावी. आदी कार्ड म्हणजे मृत्यूनंतर आपले अवयव दान करायला दिलेली सही. इस्रायलमधल्या अश्दोदला डायलिसिस विभागात मी नर्स आहे. किडनीची वाट बघणारी माणसं रोज समोर असतात: चार-चार तास मशीनला जोडलेली, तहान लागली तरी पाणी मोजून पिणारी. 'कुठूनही मिळवा' असं त्यांच्या तोंडून येतं तेव्हा त्यांना दोष देववत नाही. पण 'कुठूनही' म्हणजे काय, ते आपल्या लोकांना माहीत असायला हवं.

२००५ साली इथल्या शेबा रुग्णालयातले हृदयशल्यचिकित्सक जेकब लावी यांना त्यांच्या पेशंटने सांगितलं, की दोन आठवड्यांनी अमुक तारखेला चीनमध्ये मला नवं हृदय मिळणार आहे. आणि मिळालंही. हृदयाची तारीख आधी ठरते, म्हणजे त्या दिवशी कोण मरणार हेही ठरलेलं असतं. देहदंड झालेल्या कैद्यांचे अवयव वापरतात, हे चीनचे तेव्हाचे उपआरोग्यमंत्री हुआंग जिएफू यांनी त्याच वर्षी मान्य केलं. अशा ऑपरेशनचे पैसे तेव्हा इथला विमा देत होता! लावी गप्प बसले नाहीत. २००८ च्या कायद्याने ते पैसे बंद झाले आणि आदी कार्डवर सही करणाऱ्याला प्रतीक्षायादीत प्राधान्य मिळालं.

कैद्यांचीही लेखी संमती असायची, असं चीन सांगत आला. वॉर्डात सही घेण्याआधी मी पेशंटला विचारते, "नाही म्हणालात तरी चालेल, हे कळलंय ना?" फाशीच्या कैद्याला हे कोण विचारणार? १ जानेवारी २०१५ पासून कैद्यांचे अवयव वापरणं बंद, असं चीनने जाहीर केलं. पण हुआंग यांनीच आधी म्हटलं होतं, की कैद्याचा अवयव सरकारी वाटप यंत्रणेत आला की ते नागरिकाचं ऐच्छिक दान समजायचं. कैदी तोच, नोंद तेवढी वेगळी.

आदीची सही कधीही रद्द करता येते. घरच्यांनी निवडलेल्या धर्मगुरूने मृत्यूनंतर होकार दिला तरच अवयव घ्यावेत, अशी अटही घालता येते. देह अख्खा मातीत जावा म्हणणारी माझी अलिबागची आई त्या अटीमुळेच तयार झाली. प्राधान्याचा नियम मात्र मला जड जातो. सही नव्हती म्हणून आजारी माणूस मागे राहावा, हे नर्स म्हणून पटत नाही.

सही केलीत तर घरी सांगून ठेवा. शेवटी घरच्यांनाच विचारतात.