आल्प्स कंपनीचा निळा व्हॉल्यूम कंट्रोल: चार महिने वापरून पाह्यला

"दीड हजाराचा कंट्रोल? तेवढ्यात कपाशीच्या बियाण्याचं दीड पाकीट येते." बाबांचं हे वाक्य मी चार महिन्यांपासून ऐकून राह्यलो, म्हणून राजेहो म्हटलं एकदाचं लिहूनच टाकू का पैसे कुठं गेले.

घरचा अँप (अँप्लिफायर) तालुक्याच्या मिस्त्रीनं बनवलेला, पत्र्याचा डबा, ट्रान्सफॉर्मर दणकट, आवाज बम भारी, पण व्हॉल्यूमचा नॉब फिरवला की खरखर आन् रात्री हळू आवाजात लावला तर डावा स्पीकर मुकाच. आमच्या घरापासून जिनिंग जवळ आहे, हंगामात कापसाची तूस उडते, मग तुरीचं कुटार, उघड्या कंट्रोलच्या पोटात सगळं जाते. मिस्त्री दरवेळी पेट्रोल मारून द्यायचा. आठ दिवस बरं, मग जैसे थे, कारण पेट्रोलनं कचऱ्यासोबत आतलं ग्रीस पण धुतल्या जाते. माराचंच असंल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, तो पण थोडासाच.

तालुक्याच्या दुकानात चाळीस रुपयांत जो डबल कंट्रोल (एकाच नॉबवर दोन, प्रत्येक स्पीकरले एक) भेटते त्याच्यावर बहुतेक बी५०के लिहिलेलं असते. ५०के म्हणजे ५० किलो-ओम रेझिस्टन्स, आन् हा बी म्हणजे लिनियर, जेवढा फिरवला तेवढाच रेझिस्टन्स बदलते. आपला कान लॉगच्या हिशोबानं, म्हणजे पटीत ऐकते, म्हणून व्हॉल्यूमले ए पाहिजे, म्हणजे ए५०के. ए वाला अर्ध्यावर आणला तरी साधारण १०-१५ टक्केच रेझिस्टन्स झालेला असते, त्यामुळे आवाज हळूहळू चढते. बी लावला तर पाव फिरवला की अर्धं गाव जागं.

मग मी जपानच्या आल्प्सचा आरके२७ घ्याचा ठरवलं, निळ्या रंगाचा, ज्याले लोक ब्लू व्हेल्व्हेट म्हणतात. आन् पह्यल्यांदा फसलो. ऑनलाइन चारशेत भेटला, निळा पण होता, नाव पण छापलेलं, पण मल्टिमीटर लावला तर नॉब पाव फिरवल्यावर एका बाजूनं १ के आन् दुसऱ्या बाजूनं १.४ के. म्हणजे दोन स्पीकरमधे जवळपास ३ डीबीचा (डेसिबल, आवाजाचं माप) फरक, बसल्या जागी कळते. दुकानदारानं फोनच उचलला नाही, जाऊ द्या. दुसरा बिलासकट पार्ट विकणाऱ्याकडून मागवला. तुम्ही कुठूनही घ्या, बसवायच्या आधी, सुटा असतानाच, मधला पाय आन् ग्राउंडचा पाय असं दोन्ही बाजूनं मोजा, ते पण नॉब खाली असताना. वरच्या टोकाले सगळेच कंट्रोल शहाणे असतात.

खरा आरके२७ फिरवाले कसा आहे म्हणाल तर जड आन् एकसारखा, तेलात बोट फिरवल्यासारखा. पाय पीसीबीसाठी (छापील सर्किट बोर्ड) असतात म्हणून वायर झाळताना हात सांभाळा, आन् अंग २७ मिलिमीटरचं आहे; शिवाय शाफ्टच्या गळ्यासाठी माह्या डब्याचं भोक गोल कानसीनं मोठं करा लागलं.

आता गंमत ऐका. एवढं करूनही खरखर गेली नाही! म्हणजे बाबांना आयतंच सापडलं. दोन दिवस डोकं खाजवलं, मग दिसलं का प्रीअँपचा (अँपचा सुरवातीचा भाग) कपलिंग कपॅसिटर, जो डीसी अडवून फक्त आवाजाचा सिग्नल पुढं सोडते, तो लीक होता आन् कंट्रोलवर डीसी, म्हणजे बॅटरीसारखा एका दिशेचा करंट, येऊन राह्यला होता. डीसी आला की कोराकरकरीत कंट्रोलही खरखरते. पाच रुपयांचा कपॅसिटर बदलला, आवाज साफ. तुमचा पण खरखरत असंल तर आधी हे पाहा, कदाचित चाळीसवालाच कामाचा निघंल.

दुसरी भानगड अशी का असेंबल अँपचा गेन (सिग्नल किती पट वाढवते ते) जास्त असते, त्यामुळे घरात नॉब घड्याळाच्या आठ-नऊच्या पुढं जातच नाही, आन् तिथंच कुठलाही कंट्रोल सगळ्यात कच्चा असते, दीड हजाराचा असो का चाळीसचा. मी ५० के च्या आधी दोन्ही चॅनलमधे १०० के चा रेझिस्टर सिरीज लावला, सिग्नल साडेनऊ डीबी कमी झाला, आता रात्री नॉब अकरावर असते आन् दोन्ही स्पीकर बरोबर. माह्या मते दीड हजाराच्या खर्चापेक्षा या दोन रेझिस्टरनं जास्त फरक पडला. हे बाबांना सांगितलं नाही.

यवतमाळच्या दोस्तानं २४ स्टेपचा अटेन्युएटर (खटक्याखटक्यानं आवाज कमी-जास्त करणारा स्विच) लावला, रेझिस्टरवाला, चॅनल एकदम जुळतात, पण एक खटका कमी पडते आन् पुढचा जास्त होते, असं त्याचं रडगाणं. रिमोट पाहिजे असंल तर पीजीए२३११ चिपवाले बोर्ड येतात, अर्ध्या-अर्ध्या डीबीनं आवाज बदलतात. आमच्याकडं दिवसातून चारदा लाइन जाते, दरवेळी आवाज परत सेट कराचं झंझट नको, मले हातानं फिरवाचाच बरा.

बाबा आता पहाटे आकाशवाणी नागपूर अगदी हळू लावतात, मायची झोप मोडत नाही. फक्त जुना नॉब दातेरी शाफ्टचा होता आन् हा शाफ्ट गुळगुळीत, ६ मिलिमीटरचा, सध्या दोरा गुंडाळून बसवला आहे. नागपूरच्या सीताबर्डीले गेलो का स्क्रूवाला नॉब आणतो.